आर्तवक्षय, धमनी आणि उच्च रक्तदाब

धानाची रोवणी आटोपली की आपल्या जिल्ह्यातील वैद्यांच्या चिकित्सालयांत एका विशिष्ट वयाच्या स्त्रियांची संख्या वाढू लागते. महिना-दीड महिना चिखलात वाकून काम करताना अंगावर काढलेले दुखणे घेऊन त्या येतात. वय बेचाळीस ते बावन्न. पाळी अनियमित झालेली किंवा नुकतीच थांबलेली. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते, जीव घाबरतो, छातीत धडधडते, डोके जड राहते, झोप नाही, चिडचिड मात्र भरपूर. इतके ऐकल्यावर वैद्याच्या मनात निदान तयार होते ते रजोनिवृत्तीचे, आणि कागदावर उतरते ती पित्तशामक, मनाला स्थैर्य देणारी व बल्य अशी औषधयोजना. ती बहुधा चुकीची नसते. अनेक रुग्णांना तिने बरेही वाटते. परंतु टेबलावरचे रक्तदाबमापक पुष्कळदा टेबलावरच राहते.

प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच की, धडधड, शिरःशूल, अनिद्रा व घाबरणे ही लक्षणे रजोनिवृत्तीची असू शकतात, तशीच ती वाढलेल्या रक्तदाबासोबतही आढळतात, आणि या वयात दोन्ही अवस्था हातात हात घालून येतात. असे का होते, याचे उत्तर धमनीच्या भित्तीत आहे. ते समजून घेतले तर आपल्या निदानात व औषधयोजनेत काही बदल आवश्यक ठरतात.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, जागतिक आरोग्य संघटना तसेच केंद्र व राज्य शासन यांनी मिळून २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम आरंभिला, त्यात महाराष्ट्रातून प्रथम निवडलेल्या चार जिल्ह्यांत वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग यांच्यासमवेत भंडारा होता. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार प्राप्त झाला. ठरावीक औषधयोजना, औषधांचा अखंड पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद हे त्याचे मुख्य घटक. प्रश्न असा उरतो की, ज्या स्त्रीला आपण रजोनिवृत्तीचे औषध देऊन परत पाठवतो, ती त्या नोंदवहीपर्यंत पोहोचते काय?

शास्त्रीय भूमिका

सुश्रुताचार्यांनी आर्तवाचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत सांगितला आहे. वयाच्या दृष्टीने पाहता हा काळ पित्तप्रधान मध्यम वयातून वातप्रधान उत्तर वयाकडे जाण्याच्या संधीवर संपतो. रस-रक्ताचे सर्व शरीरभर विक्षेपण करणे हे व्यान वायूचे कर्म होय. धमन्यांच्या ठिकाणी होणाऱ्या उपलेपात्मक विकृतीचा निर्देश चरकाचार्यांनी कफाच्या नानात्मज विकारांत ‘धमनीप्रतिचय’ या नावाने केला आहे. खरत्व, रूक्षत्व व काठिण्य हे मात्र वाताचे कार्य. अर्थात धमनीच्या विकृतीत लेप आणि काठिण्य हे दोन पदर असतात, व आर्तवक्षयानंतर दुसरा पदर बळावतो, असे आपल्या परिभाषेत म्हणता येईल.

येथे एक मर्यादा पाळली पाहिजे. आर्तव म्हणजे इस्ट्रोजेन, किंवा रक्तगत वात म्हणजे हायपरटेन्शन, अशी समीकरणे मांडण्याचा मोह सोडावा. रक्तदाब ही यंत्राने मोजण्याची गोष्ट आहे. नाडी कितीही कुशल हातांनी पाहिली तरी १३० आणि १७० यांतील भेद ती विश्वासाने सांगत नाही. ग्रंथांनी दिलेली दृष्टी व यंत्राने दिलेला आकडा या दोहोंची आपल्याला गरज आहे.

धमनीची भित्ती

धमनीच्या आतल्या बाजूस पेशींचा केवळ एक थर असतो, त्याला अंतःस्तर म्हणू. हा थर म्हणजे निव्वळ अस्तर, असा समज दीर्घकाळ होता. १९८० साली अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवून दिले की, ॲसिटिलकोलिन या द्रव्याने धमनी सैल पडते ती अंतःस्तर शाबूत असेल तरच. अंतःस्तर खरवडून काढल्यास ती सैल पडत नाही. म्हणजे अंतःस्तरातून काहीतरी स्रवते व ते खालच्या स्नायुपेशींना शिथिल करते. ते द्रव्य नायट्रिक ऑक्साईड हा वायू आहे, असे पुढे निष्पन्न झाले आणि या संशोधनाबद्दल १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व म्युराड या तिघांना मिळाले.

धमनीत अशा प्रकारे दोन शक्तींचा तोल असतो. नायट्रिक ऑक्साईड व प्रोस्टासायक्लिन धमनी सैल ठेवतात. एंडोथेलिन, अँजिओटेन्सिन व थ्रोम्बॉक्सेन तिला आकुंचित करतात. लैंगिक संप्रेरके या तोलावर बोट ठेवतात.

इस्ट्रोजेनचे ग्राही धमनीच्या अंतःस्तरात व स्नायुपेशींतही असतात. त्याचे कार्य दोन गतींनी चालते. पहिली गती काही मिनिटांची: ग्राहीवर इस्ट्रोजेन बसताच नायट्रिक ऑक्साईड निर्माण करणारे एन्झाइम जागृत होते. दुसरी गती तासांची व दिवसांची: पेशीकेंद्रात जाऊन ते याच एन्झाइमचे उत्पादन वाढवते, एंडोथेलिनचे प्रमाण घटवते, तसेच अँजिओटेन्सिनचे धमनीवरील ग्राही कमी करते. परिणामी धमनी लवचीक राहते आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर येणारी लाट ती झेलू शकते.

प्रोजेस्टेरॉनचे कार्य वेगळे. मूत्रपिंडात सोडियम धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉनच्या ग्राहीला ते अडवते. त्यामुळे मीठ व पाणी बाहेर टाकण्यास साहाय्य होते. पाळी थांबल्यावर हेही साहाय्य संपते.

टेस्टोस्टेरॉनविषयी एकच एक विधान करता येत नाही. प्रयोगशाळेत धमनीच्या तुकड्यावर ते टाकले असता धमनी सैल पडते. पण शरीरात दीर्घकाळ त्याचा प्रभाव राहिला तर रेनिन-अँजिओटेन्सिन यंत्रणा अधिक जागृत होते, मूत्रपिंड अधिक सोडियम धरते व थ्रोम्बॉक्सेनचे ग्राही वाढतात. तरुण वयात पुरुषांचा रक्तदाब समवयस्क स्त्रियांपेक्षा सरासरीने अधिक असण्यामागे हे एक कारण मानले जाते. बीजांडकोशाच्या पीसीओएस या विकारात पुरुषी संप्रेरके वाढतात. अशा तरुणींतही रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक असतो, हे येथे लक्षात ठेवावे.

रक्तदाब आधीच वाढलेला असेल तेव्हा

निरोगी धमनीत संप्रेरके काय करतात हा अर्धा विषय झाला. दाबाखाली असलेल्या धमनीत काय घडते, हे चिकित्सेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. १९६३ साली जपानमधील क्योतो येथे ओकामोतो व आओकी यांनी उंदरांची एक जात विकसित केली. या जातीत बाह्य कारणाशिवाय वयाबरोबर रक्तदाब वाढतो. जगभरच्या प्रयोगशाळांत ती आजही वापरली जाते. या जातीच्या नरांचा रक्तदाब माद्यांपेक्षा अधिक असतो. नराचे वृषण लहान वयात काढले तर तो कमी चढतो. रक्तदाब चढलेल्या मादीच्या धमनीचा अंतःस्तर नराच्या तुलनेने अधिक चांगला शिथिल होतो. म्हणजे दाब वाढलेला असतानाही स्त्रीसंप्रेरके धमनीला काही काळ सावरून धरतात.

परंतु हे सावरणे अमर्याद नाही. दीर्घकाळ दाब सोसणाऱ्या धमनीत अँजिओटेन्सिनच्या प्रभावाने सुपरऑक्साईड नावाचे दाहक द्रव्य निर्माण होते आणि ते नायट्रिक ऑक्साईडला तयार होताक्षणीच नष्ट करते. स्नायुथर जाड होतो, पोकळी अरुंद होते, लवचीक तंतूंच्या जागी कठीण तंतू येतात. अशा धमनीत इस्ट्रोजेनचे ग्राहीही घटतात. २००७ साली असेही दिसून आले की, कोलेस्टेरॉलपासून शरीरात बनणारे २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल हे द्रव्य धमनीतील इस्ट्रोजेनच्या ग्राहींवर बसून त्यांचे रक्षणकार्य रोखते. आपल्या भाषेत सांगायचे तर, स्रोतस दुष्ट झाल्यावर उत्तम रसायनही तेथे आपले कार्य करू शकत नाही.

रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर हा बदल किती वेगाने होतो? अमेरिकेत १९९६ पासून चाललेल्या ‘स्वॅन’ या दीर्घकालीन अभ्यासात धमनीचे काठिण्य नाडीलहरीच्या वेगावरून मोजले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शेवटच्या पाळीच्या वर्षभरापेक्षा आधीच्या काळात हे काठिण्य प्रतिवर्षी सुमारे ०.९ टक्के वाढत होते. शेवटच्या पाळीच्या आधीचे एक वर्ष व नंतरचे एक वर्ष या अवधीत तीच वाढ सुमारे ७.५ टक्के आढळली. धमनी कठीण झाली की वरचा दाब चढतो, खालचा फारसा चढत नाही, दोहोंतील अंतर रुंदावते. पन्नाशीच्या स्त्रीत १५८/८२ असा आकडा दिसला तर ‘खालचा चांगला आहे’ म्हणून समाधान मानू नये.

तथापि सर्व दोष रजोनिवृत्तीच्या माथी मारणेही योग्य नव्हे. २०२० सालीच प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ३३ हजार व्यक्तींच्या अनेक वर्षांच्या मोजमापांवर आधारित एका अभ्यासात स्त्रियांचा रक्तदाब पुरुषांपेक्षा अधिक वेगाने चढू लागतो तो तिशीपूर्वीच, असे दिसले. म्हणजे रजोनिवृत्ती ही आधीच चढणीला लागलेल्या वाटेवरची एक अधिक उभी पायरी आहे. मोजमाप चाळिशीच्या आधीच सुरू व्हावे, हा त्याचा अर्थ.

बाहेरून संप्रेरक द्यावे काय?

इस्ट्रोजेन धमनीला हितकर असेल तर ते बाहेरून दिल्याने प्रश्न सुटावा, असा तर्क पाश्चात्त्य वैद्यकाने अनेक दशके केला. १९९८ मध्ये हृदयधमनीचा विकार असलेल्या २,७६३ स्त्रियांवरील चाचणीत संप्रेरक गोळ्यांनी एकंदरीत लाभ झाला नाही, उलट पहिल्या वर्षी हृदयविकाराच्या घटना वाढल्या. २००२ मध्ये १६,६०८ स्त्रियांची दुसरी मोठी चाचणी हृदयविकार, पक्षाघात व स्तनाचा कर्करोग यांचे प्रमाण वाढल्यामुळे मुदतीपूर्वी थांबवावी लागली. त्यानंतर औषध जगभर मागे पडले.

पुढे विचार अधिक सूक्ष्म झाला. त्या चाचण्यांतील बहुसंख्य स्त्रिया साठीच्या पुढच्या होत्या, त्यांच्या धमन्या आधीच विकृत होत्या. २०१६ मध्ये ६४३ स्त्रियांच्या चाचणीत पाळी थांबून सहा वर्षे न झालेल्या गटात इस्ट्रोजेनमुळे मानेच्या धमनीचे जाड होणे मंदावले. दहा वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या गटात काहीच फरक पडला नाही. एकच द्रव्य, दोन धमन्या, दोन परिणाम. काल व अवस्था पाहून औषध द्यावे, हा आपल्या शास्त्राचा नित्याचा उपदेश येथे पाश्चात्त्य वैद्यकाला फार मोठे मोल देऊन पुन्हा शिकावा लागला. आज ही चिकित्सा तीव्र लक्षणांसाठी, योग्य वयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिली जाते. रक्तदाबाचे औषध म्हणून ती दिली जात नाही.

यातून आपण घ्यावयाचा बोध असा. वनस्पतीजन्य इस्ट्रोजेनसदृश घटकांचे नाव पुढे करून शतावरी, अशोक अथवा तत्सम कल्प ‘रक्तवाहिन्यांचे रक्षण करणारे’ म्हणून सांगितले जातात. शतावरीचे बल्य, रसायन व पित्तशामक कार्य आपल्याला मान्यच आहे. पण वाढलेल्या रक्तदाबापासून धमनीचे रक्षण ती करते, असे म्हणण्याइतका पुरावा हाती नाही. तिने रुग्णेला बरे वाटेल आणि दाब मात्र १७० वर तसाच राहील, ही शक्यता पूर्ण खरी आहे.

पिशवी काढलेली स्त्री

रजोनिवृत्तीचा विचार करताना वयाच्या आकड्यावर विसंबू नये. ग्रामीण महाराष्ट्रात ‘पिशवी काढली’ हे वाक्य पस्तिशीच्या स्त्रीकडूनही ऐकू येते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांविषयी राज्य शासनाने नेमलेल्या समितीने २०१९ मध्ये ८२,३०९ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली आढळली. आपल्या जिल्ह्याची परिस्थिती बीडसारखी आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. परंतु धानाच्या बांधीत, विडीच्या कामात व तेंदूपानाच्या हंगामात राबणारी आपली रुग्णाही पांढऱ्या पाण्याच्या व अतिरजःस्रावाच्या त्रासाला कंटाळून त्याच मार्गाने गेलेली असू शकते.

गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले असतील तर संप्रेरके काही दिवसांतच नाहीशी होतात. शरीराला सावकाश जुळवून घेण्याची संधी मिळत नाही. बीजांडकोश ठेवले असले तरी त्यांचे कार्य नैसर्गिक वयापूर्वी मंदावण्याचा संभव असतो, आणि पाळी नसल्यामुळे तो बदल कोणाच्या ध्यानातही येत नाही.

याबाबत २००६ सालचा एक छोटा पण बोलका अभ्यास आहे. चाळीस निरोगी स्त्रियांची गर्भाशय व बीजांडकोश काढण्यापूर्वी आणि त्यानंतर चार महिन्यांनी मिठाविषयी तपासणी केली गेली. मीठ वाढवल्यावर रक्तदाब चढणाऱ्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी २२.५ टक्के होते, नंतर ते ५२.५ टक्के झाले. स्त्रिया त्याच, आहार तोच, बदलले ते फक्त संप्रेरक. भातासोबत लोणचे, पापड आणि खारवलेली मिरची हा ज्या घरचा नित्याचा आहार, तेथे हा आकडा पुरेसा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मिठाची दैनिक मर्यादा पाच ग्रॅम सांगितली आहे. चरकाचार्यांनी पिप्पली, क्षार व लवण ही तीन द्रव्ये अतिमात्रेत वापरू नयेत असे बजावले, त्याचे स्मरण येथे सहजच होते.

आपल्या औषधांकडे एक दृष्टिक्षेप

आर्तवक्षयाच्या वयात आपण जी द्रव्ये नित्य वापरतो, त्यांपैकी काहींचा रक्तदाबाशी थेट संबंध आहे.

यष्टिमधु: दाह, अम्लपित्त, स्वरभेद व दौर्बल्य यांत यष्टिमधु आपले आवडते द्रव्य. त्यातील ग्लिसरायझिन मूत्रपिंडातील एका एन्झाइमला रोखते. त्यामुळे शरीरातील कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनप्रमाणे वागू लागते. सोडियम साठते, पोटॅशियम निघून जाते, रक्तदाब चढतो. स्वीडनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निरोगी तरुणांना ग्लिसरायझिक आम्ल रोज १०० मिलिग्रॅम दोन आठवडे दिले असता वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ३ मिलिमीटरने वाढला. मुळात हा घटक चार टक्के धरला तर ३ ग्रॅम चूर्णातून १२० मिलिग्रॅम पोटात जातो. म्हणजे आपली नेहमीची मात्रा या कक्षेतच येते. निरोगी तरुणाला तीन मिलिमीटर सहज सोसतात. आर्तवक्षयानंतर सोडियम धरणाऱ्या शरीराला ते अधिक जड जाऊ शकतात. जी रुग्णा शासकीय केंद्रातून क्लोरथॅलिडोनसारखे मूत्रल औषध घेत असेल, तिच्यात पोटॅशियम दोन्ही बाजूंनी घटते. उच्च रक्तदाबात यष्टिमधु दीर्घकाळ देऊ नये.

लवणयुक्त कल्प: लवणभास्कर चूर्णाचा मोठा भाग लवणांचाच आहे. शंखवटी व क्षारकल्प यांचाही विचार तसाच करावा. सैंधव हे लवणांत श्रेष्ठ मानले असले तरी तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच होय, म्हणून ‘सैंधव चालते’ हे आश्वासन रुग्णेला देऊ नये.

सर्पगंधा: या वनस्पतीने भारतीय वैद्यकाचे नाव जगात नेले. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे करण्यात आले. रक्तदाब ती उतरवते, यात शंका नाही. परंतु ती मेंदूतील डोपामिन व सेरोटोनिनचे साठे रिते करते. त्यामुळे विषाद येऊ शकतो, तसेच प्रोलॅक्टिन वाढून स्त्रीसंप्रेरकांच्या चक्रातही व्यत्यय येतो. रजोनिवृत्तीच्या काळात मन आधीच खिन्न असते. अशा रुग्णेला सर्पगंधेचा कल्प देण्यापूर्वी झोप, रडू येणे, जगण्याविषयी निराशा याबद्दल विचारणे अगत्याचे. पूर्वी विषादाचा विकार झाला असेल तर सर्पगंधा टाळावी.

कल्प व ग्रॅन्युल्स: शतावरी कल्पात साखरेचे प्रमाण मोठे असते. रक्तदाबासोबत मधुमेह असेल तर चूर्ण किंवा क्वाथ या स्वरूपाचा विचार करावा.

औषधालयचालक बंधूंसाठी

वैद्याकडे येण्यापूर्वी रुग्ण औषधालयात येतो. त्यामुळे तुमच्या चार प्रश्नांचे मोल आमच्या तपासणीइतकेच आहे.

पहिली बाब गर्भनिरोधक गोळ्यांची. इस्ट्रोजेन तोंडावाटे घेतले की ते प्रथम यकृतात जाते व तेथे अँजिओटेन्सिनोजेनचे उत्पादन वाढवते. त्यामुळे काही स्त्रियांत रक्तदाब चढतो. जे संप्रेरक बीजांडकोशातून स्रवताना धमनीचे मित्र असते, त्याच वर्गातील कृत्रिम द्रव्य गोळीच्या मार्गाने गेल्यास असा विपरीत परिणाम घडवू शकते. रक्तदाब १४०/९० वा अधिक असलेल्या स्त्रीने इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या सामान्यतः घेऊ नयेत. १६०/१०० वा अधिक असल्यास मुळीच घेऊ नयेत. माला-डी ही गोळी याच वर्गातील आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेने विकसित केलेली, ‘छाया’ या नावाने शासकीय केंद्रांतून मिळणारी गोळी इस्ट्रोजेनयुक्त नाही. तरी तिच्याविषयीही वैद्यकीय सल्ला घ्यावयास सांगावे.

दुसरी बाब वेदनाशामक गोळ्यांची. गुडघे व कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या स्त्रिया महिनोन्महिने घेतात. या गोळ्या मीठ व पाणी शरीरात धरून ठेवतात आणि रक्तदाबाच्या औषधांचा प्रभाव कमी करतात.

तिसरी बाब पुरुषांची. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने व जेल यांचा वापर शहरांतून तालुक्यांकडे सरकतो आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत, संप्रेरकाची खरोखर कमतरता असलेल्यांत हृदयविकाराच्या मोठ्या घटना वाढल्या नाहीत. पण हृदयाची अनियमित गती व फुप्फुसातील रक्ताची गुठळी यांचे प्रमाण अधिक आढळले. २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टेस्टोस्टेरॉनच्या सर्व उत्पादनांवर रक्तदाब वाढण्याचा इशारा छापण्यास सांगितले. घटक न छापलेले ‘शक्तिवर्धक’ पाकीट आपल्या दुकानात ठेवू नये. त्यात आधुनिक औषध मिसळलेले असेल आणि ग्राहक हृदयविकारासाठी नायट्रेटची गोळी घेत असेल तर एकाच रात्रीत जीव जाऊ शकतो. वाजीकरण चिकित्सेची प्रतिष्ठा राखण्याचे कामही त्याने होईल.

चिकित्सालयात काय करावे

यासाठी खर्चिक साधनसामग्री लागत नाही. संप्रेरकांच्या रक्ततपासणीचीही सामान्यतः आवश्यकता नाही. पुढील क्रम पुरेसा आहे.

१. चाळिशी उलटलेल्या प्रत्येक स्त्रीचा रक्तदाब, ती कोणत्याही तक्रारीसाठी आली तरी, मोजावा. तरुण वयातील पीसीओएसच्या रुग्णेचाही मोजावा. पाच मिनिटे स्वस्थ बसवून, पाठीला आधार देऊन, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, योग्य मापाचा पट्टा वापरून दोनदा मोजावा. खर्रा किंवा चहा घेऊन लगेच मोजू नये.

२. पाच प्रश्न विचारावेत. शेवटची पाळी केव्हा आली? पिशवी काढली आहे काय, आणि बीजांडकोशही काढले काय? गरोदरपणात रक्तदाब वाढला होता काय, पायांवर सूज किंवा झटके आले होते काय? गर्भनिरोधक वा वेदनाशामक गोळ्या चालू आहेत काय? खर्रा, तंबाखू किंवा गुडाखू आहे काय? गरोदरपणात दाब वाढलेल्या स्त्रीला पुढील आयुष्यात उच्च रक्तदाबाचा धोका दुपटीहून अधिक असतो. हा प्रश्न वीस वर्षांनीही शिळा होत नाही.

३. दोन वेगवेगळ्या दिवशी १४०/९० वा अधिक आढळल्यास रुग्णेला नोंदणीसाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वा उपजिल्हा रुग्णालयात पाठवावे आणि चिठ्ठीवर आकडा व दिनांक लिहावा. १८०/११० वा अधिक असल्यास त्याच दिवशी पाठवावे. सोबत छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूस दुर्बलता किंवा दम लागणे यांपैकी काही असल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णवाहिकेतून जिल्हा रुग्णालयात न्यावे.

४. चालू असलेली रक्तदाबाची गोळी आपल्या औषधाने बरे वाटले म्हणून थांबवण्यास सांगू नये. दाब उतरलेला दिसतो तो बहुधा त्या गोळीमुळेच. ती एकाएकी थांबली की तो पुन्हा चढतो.

५. आहारविहार, निद्रा, मीठ व तंबाखू यांविषयीचा उपदेश आपणच उत्तम करू शकतो. रुग्णेची भाषा, तिचे घर, शेतीचे दिवस आपल्याला ठाऊक असतात. रात्री पाण्यात मीठ न घालता भात शिजवावा, लोणचे रोज न घेता सणावाराला घ्यावे, असे नेमके सांगितले तर ती ते ऐकते. अंगाची आग, निद्रानाश, चिंता यांसाठी आपली चिकित्सा चालू ठेवावीच. दोन्ही चिकित्सा परस्परांच्या आड येत नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ या फेरीत देशातील पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी २१.३ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्या त्यासाठी औषध घेत होत्या. म्हणजे ओट्यावर बसलेल्या पाच स्त्रियांपैकी एक. रजोनिवृत्तीच्या वयात हे प्रमाण अर्थातच याहून अधिक. ती स्त्री आपल्याकडे दाब तपासायला येत नाही. ती येते अंगातल्या वाफा सांगायला. तिच्या दंडावर पट्टा बांधणे हे आपल्यावर आहे.

आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी येत्या बैठकीत एकच गोष्ट ठरवावी असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक सभासदाने केसपेपरवर स्त्रीरुग्णांसाठी दोन रकाने छापून घ्यावेत: एक शेवटच्या पाळीच्या तारखेचा, दुसरा रक्तदाबाचा. हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिले जाऊ लागले म्हणजे त्यांचा परस्परसंबंध वैद्याला निराळा सांगावा लागणार नाही, आणि पक्षाघाताने अंथरुणाला खिळण्यापूर्वीच काही माउली योग्य उपचाराच्या वाटेला लागतील.